ह्यांचं बीपी वाढवतंय कोण?

आमच्या ह्यांचं बीपी उतरत नव्हतं आणि त्यामागे कोणाचा तरी हात आहे, याची मला पक्की खात्री होती. आपोआप वाढतं म्हणे! माझ्या घरात लोणचं बंद, पापड बंद. अळणी आमटी मीसुद्धा ह्यांच्याबरोबर मुकाट गिळत होते. तरी दर तपासणीला डॉक्टर दंडाला पट्टा बांधायचे, भुवया वर करायचे आणि गोळी वाढवायचे.

पहिला संशय अर्थातच डॉक्टरांवर. ह्यांचं ना डोकं दुखत होतं, ना छातीत धडधडत होतं. चांगल्या माणसाला आजारी ठरवून कायमचं गिऱ्हाईक करायचं, हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "काकू, दुखत नाही हीच तर पंचाईत आहे. हृदय, मेंदू, डोळे, किडनी आतल्या आत झिजत राहतात." माझा विश्वास बसला नाही, पण ह्यांचे दादा आठवले. ह्यांचे थोरले भाऊ असेच ठणठणीत होते. एका सकाळी दाढी करता करता त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं, आणि मग वर्षभरात ते गेलेच.

मग मी घरातच पाळत सुरू केली. हे फेरी मारून आले की हातांचा वास घ्यायचा. वडापाव काही लपत नाही.

"अहो, खारे दाणे खाल्लेत?"

"नाही गं बाई."

म्हणे नाही! बाहेर नाही, तर मग भुईगावच्या नणंदेकडे नक्की. धाकट्या भावाचे लाड करायला सुके बोंबील तिथे कायम तयार. एक दिवस मी न कळवता जाऊन थडकले आणि सरळ तिच्या चुलीवरची झाकणं उघडली. ती अशी भडकली! "भावाला मीठ चारून मारनारी मी कोन? तो इथे केळं खातो, पानी पितो नि जातो!" बरेच दिवस तिने माझा फोन उचलला नाही. माझा संशय तरीही गेला नव्हता.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होते. गोखिवऱ्याच्या कारखान्यात ह्यांनी आयुष्यभर तयार माल तपासला. स्क्रूचा आटा केसभर चुकला तरी अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस. गोळ्यांची डबी त्यांच्याच ताब्यात असायची.

गोळी पुन्हा वाढली आणि काही दिवसांनी हे सकाळी अंथरुणातून उठता उठता कपाटाला धरून खालीच बसले. चेहरा पांढराफटक. शेजाऱ्यांकडून बीपीचं मशीन आणून बघते तर बीपी पार खाली! मशीनच बिघडलं असणार, असं म्हणत मी ह्यांना रिक्षात घातलं.

डॉक्टरही चक्रावले. "काका, तपासणीला येता तेव्हा गोळी घेऊन येता ना?"

"छे!" हे छाती काढून म्हणाले. "दोन दिवस आधीच बंद करतो. माल आहे तसा द्यायचा. वरून पॉलिश मारून दिला तर तपासणाऱ्याला खरं काय कळणार?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो काका, मी तुम्हाला नाही, गोळीला तपासत होतो!" न घेतलेली गोळी पुरत नाही म्हणून ते ती वाढवत राहिले, आणि तपासणी झाली की हे ती वाढलेली गोळी इमानदारीत घेत राहिले. लघवी तपासली, तर बीपीच्या या चढउताराचा किडनीवर परिणाम दिसायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, झालं ते भरून येईल असं नाही, पुढचं सांभाळू.

परतताना माझा नुसता संताप संताप होत होता. "एका शब्दाने मला विचारायचं तरी!"

"तू गोळी घ्यायला लावली असतीस."

"मग? घ्यायला नको?"

ह्यांनी तोंड रिक्षाबाहेर वळवलं. मग हळूच म्हणाले, "दादासारखं माझंही होणार का, ते गोळीशिवाय बघायचं होतं गं. दर वेळी वाटायचं, या खेपेला आपोआप कमी आलेलं असेल."

हा माणूस इतका घाबरलेला होता, आणि मला पत्ताच नाही. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि मला रडूच फुटलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला, तशी त्याच्यावर खेकसले, "समोर बघा समोर!"