आत्या पत्रात बोलायची

शेणवे गावची माझी आत्या जशी बोलायची तशीच लिहायची. 'मी बरी हाय. तू कवा येशील गो?' चाळिशी उलटल्यावर प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती अक्षरं शिकली. लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हापासून तिची निळी आंतर्देशीय पत्रं यायची, पार कडेच्या पट्ट्यांपर्यंत भरलेली.

समोर असली की आत्या अबोल. भात वाढायची, खुशाली विचारायची, बस्. पत्रात मात्र सगळं यायचं. आतोबा गेले तेव्हा तिला रडताना कुणी पाहिलं नाही. पुढे पत्र आलं, 'म्हातारा खोकत नाय म्हणून झोप येत नाय.' हे तोंडानं का नाही सांगत, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "लिवताना मधी कोन बोलत नाय."

उत्तरं लिहायचा मला कंटाळा येऊ लागला. तिचं पत्र टेबलावर पडून राही आणि येताजाता मला टोचे. शेवटी मी तिला मोबाइल नेऊन दिला. "आता कशाला पत्रं? रोज बोलू." तिने मान डोलावली. पत्रं थांबली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. रोज बोलणं काही झालं नाही. कधीतरी मी फोन करायचे, तेव्हा मागे टीव्ही चालू असायचा, मुलगा, सून, नातवंडं. "बरी हाय. जेवलीस?" एवढ्यावर ती फोन ठेवायची.

गेल्या वर्षी तिला कल्याणच्या इस्पितळात आणलं. छातीत गाठ होती. फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. तिला ती कितीतरी महिने ठाऊक होती.

"अगं, मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"कसा सांगू गो? पोरगा बाजूलाच बसलेला."

मग एका दुपारी तिने कागद मागितला. पेन हातात दिलं, पण बोटांत धरवेना.

"कुणाला लिहायचंय? तू सांग, मी लिहिते."

"तुलाच."

"मग सांग ना. मी इथेच आहे."

वॉर्डात भेटायला आलेल्यांचा गलका होता. मी तिच्या तोंडाशी कान नेला.

"तोंडानं नाय जमत गो," म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी तिचा हात धरून बसले. दोनच दिवसांनी आत्या गेली.