झाकणावरचा नंबर

गल्लीत त्यांना 'राहूद्या' म्हणत. लॅपटॉप दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला हे नाव शोभत नव्हते, पण नाव पाडणाऱ्यांचाही नाइलाज होता. गिऱ्हाईक येई, पडद्यावरची कंपनीची सूचना दाखवी आणि विचारी, "हे अपडेट करू का?" टेबलापलीकडून उत्तर येई, "चालतोय ना? मग राहू द्या." एकोणीस वर्षांत या उत्तरात कानामात्रेचा फरक पडला नव्हता.

त्याला कारणही होते. सूचना बहुधा फर्मवेअरची असे, ज्याला दुकानात सगळे बायोस म्हणतात. बोर्डावरच्या करंगळीच्या नखाएवढ्या चिपमध्ये तो छोटा प्रोग्राम राहतो. बटण दाबले की सर्वांच्या आधी तो जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. तो नव्याने लिहिला जात असताना वीज गेली किंवा फाइल भलतीच निघाली, तर उठवणाराच उठत नाही. असे निपचित पडलेले लॅपटॉप महिन्याला चार-पाच तरी येत. सोबत आलेला मालक आपण कशालाही हात लावला नसल्याचे शपथेवर सांगे. राहूद्या ते शांतपणे ऐकून घेत आणि पाना-पेचकस काढत.

त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या धाकट्या बहिणीचे बुटांचे दुकान होते. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांची टाच वाकडी, ज्यांचे पाऊल अपघातानंतर पहिल्यासारखे राहिले नाही, अशांसाठी ती बूट बनवी. दोनशे बारा माणसांच्या पावलांची मापे तिच्या लॅपटॉपमध्ये होती. पूर्वी ती कागदावर असत. "कागद कशाला साठवतेस? वाळवी लागेल," असे दादांनी महिनाभर ऐकवल्यावर तिने सगळी मापे मशीनमध्ये भरली आणि कागद रद्दीत दिले. मापांची दुसरी प्रत ठेवायची राहिली होती. ती दादाच करून देणार होते.

मंगळवारी दुपारी ती लॅपटॉप काखेत मारून आली.

"दादा, हा तापतो आणि मधेच बंद पडतो. कंपनी म्हणते, अपडेट केलं की पंखा नीट चालेल."

"राहू दे."

"मी गिऱ्हाईक नाही. काल तीन वेळा बंद पडला. परवा चार वाजता पोस्टमन येणार आहे, त्याच्या बुटाचा तळ अजून कापायचाय."

बहिणीपुढे दादांचे फारसे चालत नसे. त्यांनी लॅपटॉप पालथा घातला, खालच्या झाकणावरचा नंबर चष्मा वर करून वाचला आणि त्या नंबराची फाइल उतरवून घेतली. बॅटरी भरलेली आहे, चार्जर लावलेला आहे, हे दोनदा पाहिले. परक्याचे मशीन असते, तर आधी चिपमधला जुना मजकूर ते काढून ठेवत. घरच्या मशीनला एवढा सोपस्कार कशाला, असे त्यांना वाटले.

फाइल चालवताच पडद्यावर आले, की ही फाइल या मशीनसाठी नाही.

"काय म्हणतोय?" बहिणीने विचारले.

"काही नाही. कुरकुर करतात ही मशीनं." सूचना डावलून पुढे जायची एक वाट त्यांना ठाऊक होती. इतरांना त्या वाटेला न जाण्याचा सल्ला देताना ती पाठ झाली होती.

पडदा काळा झाला. पंखा जोरात फिरला आणि थांबला. त्यानंतर काहीच झाले नाही. अर्धा तास दोघे त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसले. बहिणीने दोनदा "झालं?" असे विचारले आणि दादांनी दोनदा "होतंय" असे सांगितले.

शेवटी ते म्हणाले, "गेला."

"कुठे?"

"बायोस गेला."

"आणि मापं?"

इथे खरी अडचण होती. इतर लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. या मॉडेलमध्ये ती बोर्डालाच कायमची जोडलेली होती. बोर्ड उठला तर मापे, नाहीतर दोनशे बारा माणसांना पुन्हा बोलवायचे. त्यांतली काही दूरगावी गेलेली, तर काहींचा पत्ताही त्या लॅपटॉपमध्येच.

"कशाला हात लावलात का, असं तूच विचारतोस ना लोकांना?" बहीण म्हणाली. "तुला कोणी विचारायचं?"

दादांनी पेनड्राइव्ह शोधायला खण उघडला. सुटकेची एक सोय कंपनीने ठेवलेली असते. फाइल पेनड्राइव्हवर ठरावीक नावाने ठेवायची, दोन कळा दाबून धरायच्या आणि बटण दाबायचे. चिपचा शाबूत राहिलेला कोपरा ती फाइल उचलतो. त्यांनी तीनदा तसे केले. तिन्ही वेळा कडेचा दिवा लुकलुकला आणि विझला. चौथ्यांदा पेनड्राइव्ह बदलला, कारण दोष कोणावर तरी ढकलायला हवा होता.

बुधवारी सकाळी बहीण दुकान न उघडता थेट आली. टेबलावर लॅपटॉप पालथा पडला होता. तिने तो हातात घेतला, कडेने अंगठा फिरवला आणि उजेडाकडे धरला.

"दादा, हा तळ याचा नाही."

"काय?"

"वरचा भाग काळपट आहे, हा राखाडी. कडा अर्ध्या केसाने बाहेर आलीय. असा तळ मी बुटाला लावला, तर माणूस दारातच पडेल."

राहूद्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून लॅपटॉप पडून खालचे झाकण तडकले होते. त्यांनी भंगारातल्या एका मशीनचे झाकण त्याला बसवले होते आणि फुकटात काम झाले म्हणून स्वतःची पाठही थोपटली होती. ते मशीन त्याच घराण्यातले होते, पण दुसऱ्या पिढीचे. नंबर त्याचा होता.

"म्हणजे फाइल..."

"शेजाऱ्याची," दादा म्हणाले.

झाकण काढून बॅटरी उचलली, तेव्हा बोर्डावर बारीक अक्षरांत खरा नंबर सापडला. त्या नंबराची फाइल उतरवली. पेनड्राइव्हच्या भानगडीत न पडता त्यांनी चिमट्यासारखी क्लिप थेट चिपवर लावली आणि दुसऱ्या संगणकावरून ती फाइल लिहायला घेतली. लिहून झाल्यावर चिपमधला मजकूर परत वाचून फाइलशी ताडून पाहिला. बहीण उभीच होती. तिला बस म्हणायची दादांची हिंमत झाली नाही.

बटण दाबले. पडदा काळाच राहिला. मिनिटभराने कंपनीचे चिन्ह उमटले, मग तारीख चुकीची असल्याची तक्रार आली आणि तिच्यामागून मापांची यादी उघडली. बहिणीने सरळ पोस्टमनचे नाव शोधले. डावा पाय, टाचेखाली बावीस मिलिमीटर. तिने तो आकडा तळहातावर लिहिला.

"पंखा आता नीट चालेल," दादा म्हणाले.

"चालू दे. तू कागद आण."

"कशाला?"

"मापं वाचून दाखवते, उतरवून घे."

"सगळी? प्रिंटर आहे की."

"तुझ्या कुठल्याच यंत्रावर आज माझा विश्वास नाही. वही आण."

गुरुवारी ते दोघे तिच्या दुकानात बसले होते. ती चामडे कापता कापता पडद्यावरून वाचत होती आणि ते लिहीत होते. चार वाजता पोस्टमन आला. नवा बूट चढवून तो दारापासून भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. बहीण त्याच्या चेहऱ्याकडे नाही, बुटाकडे पाहत होती.

"बरं वाटतंय," पोस्टमन म्हणाला. "कंबर सरळ वाटतेय." मग त्याचे लक्ष कोपऱ्यात गेले. "हे कोण? नवीन कारकून?"

"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "त्याला मदत करायची हौस आहे."

राहूद्यांनी मान वर केली नाही. वहीत एकशे अडुसष्ट माणसांची मापे उतरली होती.

"पुढचं सांग," ते म्हणाले.