इथे शेवट सांगू नये

उकळत्या तेलावर किसणी धरून अक्का कच्चं केळ सपासप ओढायची आणि अर्धं केळ हातात राहिलं की थांबायची. समोरच्याकडे बघायची. "शेवट सांगू का?" असं विचारायची. तुम्ही नको म्हणा, कानांवर हात ठेवा, पाया पडा, ती सांगायचीच. सांगून झालं की कढईत मिठाच्या पाण्याचा हबका मारायची. तेल असं तडतडायचं की तुमची शिवी तिच्यापर्यंत पोचायचीच नाही.

तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी बाई. आमच्या वाट्याला ही आली होती. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या जिन्याखाली तिची केळीच्या वेफर्सची गाडी होती. वर मी पोरापोरींना टायपिंग आणि एक्सेल शिकवायचे, खाली ती तळायची. एरंडोलकडची बाई, साठीला टेकलेली, नवरा कधीच गेलेला. बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली.

सिनेमाचा शेवट तिला गिऱ्हाइकांकडून कळायचा. माणसांचा शेवट मात्र ती स्वतःच काढायची आणि मेला तो बहुतेक वेळा खराही व्हायचा. दूधवाल्याचा बाप दवाखान्यात होता. तो बिचारा डोळे पुसत गाडीपाशी उभा, तर अक्का म्हणाली, "नही वाचस तो." चौथ्या दिवशी म्हातारा गेला. दूधवाल्याने तिचं दूध बंद केलं. ती त्या दिवसापासून कोरा चहा प्यायला लागली आणि वर म्हणायची, "बिनदूधना चहा बी गोड लागस."

माझं सांगते. माझा साखरपुडा झाला तेव्हा मी तिला पेढे नेऊन दिले. तिने पेढा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाली, "मोडी जाई." तीन महिन्यांत मोडला. मोडला त्याचं मला फारसं काही नव्हतं, मुलगा तसा दिवटाच होता. पण तिने भर दुपारी, सगळ्या बॅचसमोर, झारा उंच करून मला ऐकवलं, "सांगेल व्हतं ना मी?" पोरं खाली माना घालून हसली. ते मी दोन वर्षं पोटात ठेवलं होतं.

अशा या अक्काला एका कार्टूनचं वेड लागलं. कार्टून म्हणायची सोय नाही, आमची पोरं अंगावर येत. अंतराळातली मालिका होती ती, हिंदीत डब केलेली. दर शुक्रवारी दुपारी नवा भाग मोबाइलवर यायचा आणि सगळी बॅच वेफर्स खात जिन्यावर बसून बघायची. मीही बघायचे, खोटं कशाला बोलू? एका जहाजावर एक यंत्र असतं. माणसाचं एक मूल त्याच्या हाती लागतं आणि ते यंत्र त्या मुलीला आई होऊन वाढवतं. मुलगी मोठी होते, यंत्राचा सगळा हिशोब झुगारून एका अनोळखी ग्रहावर उतरते आणि परत येत नाही. यंत्र दार उघडं ठेवून वर्षानुवर्षं घिरट्या घालत राहतं. मुलगी येणार की नाही, एवढ्यावर आमची पोरं हमरीतुमरीवर यायची.

अक्का आधी नुसती डोकावली. "हाई डबडी कोनी वाट दखी राह्यनी?" असं तिने विचारलं. पोरींनी सांगितलं, मुलीची. त्यानंतर शुक्रवारी दुपारी ती घाणा टाकेना. यंत्राचं नाव तिने डबडी ठेवलं ते ठेवलंच. आणि गंमत बघा, सगळ्या जगाचा शेवट सांगणाऱ्या या बाईला डबडीचा शेवट काही सांगता येईना. पोरं डिवचायची, "अक्का, सांगा की शेवट!" ती नुसती किसणी ओढत राहायची.

कुणा पोरीने तिच्या मोबाइलवर डबडीचं चित्र स्टेटसला लावून दिलं. दुसऱ्या दिवशी अक्का जिना चढून थेट वर्गात आली. तिचा तेलकट मोबाइल माझ्यापुढे धरला. "वाच," म्हणाली. धुळ्याहून तिच्या मुलीचा निरोप होता. एकच ओळ. 'हे तूही बघतेस?'

त्या दिवशी मला कळलं की हिला मुलगी आहे. धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स. सहा वर्षांपूर्वी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा अक्काने उंबऱ्यात उभं राहून तिलाही शेवट सांगितला होता. "वरीसमा परत येशी." मुलगी वर्षात परत आली नाही. सहा वर्षांत आली नाही. फोन नाही, पत्र नाही. संसार चांगला चालला होता, एवढंच कुणाकुणाकडून कानावर यायचं.

मग दर शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन यायला लागला. बोलणं फक्त डबडीवर. जावई कसा आहे, तुझे गुडघे कसे आहेत, काही नाही. पण फोन यायचा तेव्हा अक्का गिऱ्हाइकाला थांबवून गाडीमागे जायची आणि परत यायची ती पदराने तोंड पुसत. वर आमच्यावरच खेकसायची, "काय दखी राह्यनात? घाणा करपीन!"

शेवटचा भाग जाहीर झाला. मुलीला शुक्रवार-शनिवार ड्यूटी होती, रविवारी सुट्टी. ती म्हणाली, मी जळगावला येते, दोघी मिळून बघू. तिची अट एकच होती. तू आधी बघायचं नाहीस, आणि मला शेवट सांगायचा नाहीस. निरोप मीच वाचून दाखवला. अक्काने तो मला तीनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "मॅडम, तुना मोठा पडदा रविवारी देशी का?" मी हो म्हटलं. रविवारी क्लास बंदच असतो. मग म्हणाली, "आनि एक पाटी लिही दे."

मी क्लासच्या जुन्या जाहिरातीचा पुठ्ठा उलटा केला आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'इथे शेवट सांगू नये. सांगणाऱ्याला वेफर्स मिळणार नाहीत.' ती पाटी अक्काच्या गाडीवर लागली तेव्हा अख्खं पिंप्राळं हसलं असेल. दूधवाला तर स्कूटर थांबवून मुद्दाम वाचून गेला.

शुक्रवारी दुपारी शेवट आला आणि आमच्या जिन्यावर सुतक पडलं. एक पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. दोघं बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. "इतकी वर्षं वाट बघायला लावली ती यासाठी?" दुसरा गट म्हणत होता, असाच शेवट पाहिजे, तुम्हाला अक्कल नाही. मारामारी व्हायची तेवढी बाकी होती. आणि खाली अक्का, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून, मोबाइल बंद करून, झारा उगारून सगळ्यांवर ओरडत होती, "वर जा बठ्ठा! वर जाईसन मरा!" हसून हसून पोट दुखायची वेळ. पण तिने खरंच ऐकलं नाही. शुक्रवार निघाला. शनिवारही संध्याकाळपर्यंत निघाला.

शनिवारी संध्याकाळी मी क्लासला कुलूप लावून खाली उतरले. आदल्या दिवशी मीही भरपूर रडले होते, डोळे सुजलेले होते. गाडीपाशी बॅचची पाचसहा पोरं उभी होती. अक्काने माझ्याकडे बघितलं, कानातला एक बोळा काढला आणि म्हणाली, "काय मॅडम! इतली तं साखरपुडा मोडना तवय बी नही रडनी तू."

पोरं फिस्सकन हसली.

मी म्हणाले, "अक्का, शेवट सांगू का?"

तिचा हात थांबला. अर्धं केळ हातात. ती हसली नाही. तिने किसणी खाली ठेवली आणि तेलकट हात जोडले. "नको माय," म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मला माय म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "पाया पडस मी तुना. नको सांगू."

मी सांगितलं. हळू नाही, दुसऱ्या कानातल्या बोळ्यातूनही जाईल असं सांगितलं. मुलगी परत येते. पण दार उघडं ठेवायची ताकद पुरावी म्हणून डबडीने आपली सगळी आठवण पुसून टाकलेली असते. मुलगी आत येते आणि डबडी तिला विचारते, आपण कोण?

पोरं हसायची थांबली. एक मुलगी "मॅडम..." एवढंच म्हणाली. अक्काने किसणी उचलली आणि उरलेलं अर्धं केळ तेलात ओढलं. मिठाचं पाणी टाकायचं ती विसरली. मी ते अळणी वेफर्स घेऊन घरी गेले आणि खाल्ले.

रविवारी मुलगी आली. अक्कासारखंच नाक, साधा सुती ड्रेस, खांद्याला पर्स. सहा वर्षांनी मायलेकी भेटल्या त्या अशा: मुलगी म्हणाली, "केस पिकले तुझे." अक्का म्हणाली, "तुनं नाक तितलंच शे." दोघी हसल्या. मी वर्गात दोन खुर्च्या मांडल्या, खिडक्या लावल्या, पडदा सुरू केला. अक्काने मुलीसाठी मिरी टाकून ताजा घाणा काढला होता. तो पुडा दोघींच्या मधे.

मी मागे माउस धरून बसले होते. माझ्या लक्षात आलं, मुलगी पडद्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघतेय. शेवट माहीत नसलेली आपली आई बघायला ती धुळ्याहून आली होती.

आणि अक्का नाटक करत होती. मला ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. छोट्या छोट्या गोष्टींना "बाप रे" म्हणत होती, मधेच "आते काय व्हई?" विचारत होती. रात्रभर ठरवून आली असणार बिचारी. जन्मात कधी आश्चर्य वाटलं नव्हतं तिला, ते आता वाटवून दाखवायचं होतं. जहाजाच्या दाराकडे सावली आली. इकडे मुलीने आईचा हात धरला. सावली अजून दारातून आत यायची होती, डबडी अजून एक शब्द बोलली नव्हती, आणि अक्का छातीवर हात मारून म्हणाली, "अगं माय! हाई तं वळखत बी नही तिले!"

मुलीने हात सोडला. मग पडद्यावर डबडीने विचारलं, आपण कोण?

"तुनं आधीच दखेल शे," मुलगी म्हणाली.

अक्काने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातात माउस होता, त्यावरून मी हातसुद्धा उचलला नाही. अक्काने माझ्याकडे बघायचं थांबवलं आणि मुलीला म्हणाली, "हा. दखी लिधं मी. रवायनं नही माले."

"सहा वर्षांनी एकच गोष्ट मागितली होती, माय," मुलगी म्हणाली. तिने पर्स उचलली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला आणि खाली रिक्षा सुरू झाल्याचा. पुडा खुर्चीवर तसाच राहिला.

सोमवारी मी गाडीपाशी गेले. "अक्का, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?" असं विचारलं. ती केळं सोलत होती. "सांगतू तर ती काय म्हनती? म्हनती, जन्मभर तू लोकेसना शेवट सांगा, आते भोग." मग तोंड वर करून म्हणाली, "तू बी तेच म्हनशी." शनिवारी मी मनात अगदी तेच म्हणत होते.

त्यानंतर तिने कुणालाही शेवट सांगितला नाही. गिऱ्हाइकं स्वतःहून विचारायला लागली, अक्का, आमच्या पोराचं जमेल का, अक्का, पाऊस होईल का. ती म्हणायची, "माले काय ठाऊक?" शुक्रवारचा फोन बंद झाला होता. मालिकाच संपली होती, बोलणार तरी कशावर? स्टेटसला डबडीचं चित्र मात्र ती लावून घ्यायची, रोज, कुणातरी पोरीकडून. पलीकडून कुणी ते उघडत नव्हतं. कुणी उघडलं हे मोबाइलवर दिसतं, आणि ते ती रोज मलाच बघायला लावायची.

वैशाखात, भर दुपारी, कढईपुढे बसल्या बसल्या ती गेली. करपल्याचा धूर वर वर्गात आला तेव्हा आम्हाला कळलं.

दहाव्यानंतर मुलगी गाडी रिकामी करायला आली. मी मदतीला उतरले. झारा, किसणी, मिठाच्या पाण्याचा गडू तिने एका पोत्यात भरला. शेगडीला वारा लागू नये म्हणून मागे एक पुठ्ठा खोचलेला होता. तिने तो ओढून काढला. तेलाने पिवळा पडला होता, पण अक्षरं शाबूत होती. ती वाचत उभी राहिली. दोनदा वाचलं असेल.

"हे कधी लावलं होतं?"

मी म्हणाले, "तेव्हाच. तुम्ही येणार होतात, त्या आठवड्यात."

"म्हणजे तिनं बघितलं नव्हतं."

"नाही."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग तुम्हाला ठाऊक असेल," ती म्हणाली, "तिला कुणी सांगितलं ते."

समोरून दूधवाल्याची स्कूटर गेली. वर जिन्यात पोरं उभी होती, त्यातली दोन त्या शनिवारी हजर असलेली. ती माझ्याकडे बघत होती.

"असेल कुणीतरी गिऱ्हाईक," मी म्हणाले.

"वाटोळं होवो त्याचं," ती म्हणाली.

"होवो," मी म्हणाले.

तिने ओढणीच्या टोकाने तेल पुसलं, पाटी छातीशी धरली आणि ती रिक्षात बसली.