भूरीचे तीन खांब

पौषातलं धुकं आमच्याकडे पडत नाही, बसतं. म्हशीसारखं रस्त्यात फतकल मारतं आणि ऊन येऊन शेपूट पिरगाळेपर्यंत उठत नाही. त्या दिवशी कुसुम सरोवराच्या पायऱ्या सोडाच, माझ्या टपरीसमोरचा नळसुद्धा दिसत नव्हता. शेगडी पेटवून पहिलं आधण ठेवलं, तेवढ्यात धुक्यातून आधी खोकला आला आणि मग भूरी आली.

"राधे राधे, निरोती. माझं पोतं दे."

नाव भूरी, म्हणजे गोरी, रंग मात्र तव्याच्या पाठीसारखा. वय पन्नाशीच्या पुढे. आन्यौरची, म्हणजे आमच्याच गावची, खचेराची बायको. तिनं बाकड्यावर बसून पोत्यातल्या चिंध्या काढल्या, गुडघ्यांना बांधल्या, कोपरांना बांधल्या, आणि मुठीएवढा गोटा पदराला पुसून हातात घेतला. झाली तयार.

तिचा धंदा लोटांगणाचा. गिरिराज डोंगराची सात कोसांची परिक्रमा लोक पायी करतात, आणि नवस मोठा असला की लोटांगणं घालत करतात. पालथं पडायचं, हात पुढे ताणायचे, जिथं बोटं पोचतील तिथं गोटा ठेवायचा. उठायचं, गोट्यापाशी उभं राहायचं, पुन्हा पडायचं. आठ-नऊ दिवस लागतात. आता नवस बोलणाऱ्या सगळ्यांच्याच गुडघ्यांत तेवढा जीव नसतो. मग ते भूरीसारखीला सांगतात. पहिल्या दिवशी दानघाटीच्या देवळात पंडा तिच्या ओंजळीत पाणी घालतो, नवसवाल्याचं नाव-गोत्र म्हणवून घेतो, आणि तिथून पुढे तिचं अंग त्या माणसाच्या वतीनं मातीत पडतं. शेवटच्या दिवशी तिथंच येऊन ती फेरीचं फळ त्याच्या नावे करून पाणी सोडते. वीस वर्षांत तिनं अशा एकतीस फेऱ्या केल्या होत्या. ही बत्तिसावी, हाथरसच्या शेठ त्रिलोकीनाथ वार्ष्णेयांची. हिंगाचा मोठा व्यापार. छातीचं ऑपरेशन झालं होतं, त्याआधी नवस बोलले होते.

"आज संपतेय ना?" मी विचारलं.

"अर्धा कोस ऱ्हायलाय. शेठनं बारा वाजता भंडारा ठेवलाय. आमदार येनार हाय म्हनं. शेवटची अकरा लोटांगनं शेठ स्वता घालनार, गालिच्यावर."

"गालिच्यावर?"

"रेशमी धोतर हाय रे. मळंल की!" असं म्हणून ती अशी हसली की खोकलाच लागला. मग उठली आणि धुक्यात शिरली.

संध्याकाळी थांबताना ती जवळच्या विजेच्या खांबावर गेरूची रेघ ओढते, रेघेखाली चुन्याचा ठिपका देते. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. ठिपका तिची खूण, कारण रेघा सगळेच ओढतात. पण धुक्यात ठिपका कोण बघतो? हाताला खांब लागला, डोळ्याला गेरू दिसला, ती पडली.

नऊच्या सुमाराला ऊन आलं. भूरी आपला गोटा जागेवर ठेवून चहाला आली. तसं चालतं, उठून कुठेही जा, परत गोट्यापाशी ये. कपाळाला, नाकाला, ओठांना रेती. मी कुल्हड पुढे केलं. तिनं घेतलं नाही. ती नळाजवळच्या खांबाकडे बघत होती.

त्या खांबावर गेरूची रेघ होती आणि खाली पांढरा ठिपका.

तिथून पुढची कच्ची वाट दवानं ओली होती. लोटांगण गेलं की रेती चेपते, साप गेल्यासारखा पट्टा उमटतो. तिथं कुत्र्याच्या पायांचे ठसे होते, दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या खांबापर्यंत काही नाही, तिसऱ्यापर्यंतही नाही. तिसऱ्या खांबावर राधाकुंडाच्या बंगाली बाबांची रेघ होती. ते एकेका जागी एकशे आठ लोटांगणं घालतात, तेव्हा कुठे हातभर पुढे सरकतात. त्यातून दोन दिवस तापानं पडून होते. भूरीनं त्यांच्या रेघेपासून सुरुवात केली होती.

"तीन खांब," ती म्हणाली.

मी इकडेतिकडे पाहिलं. "कुनी पाहिलंय का? चहा पी. सात कोसांत तीन खांब म्हंजे गंगेत तीन थेंब."

"मी पाहिलं न्हवं का?"

"तू पाहिलंस म्हंजे कुनीच न्हाई पाहिलं. बरं, एवढंच वाटतंय तर हे तीन खांब आत्ता घालून घे, आन जा पुढं."

"आधी पुढचं, मग मागचं? तुझी बायको आधी पोळी भाजती आन मग कनिक मळती का?"

"म्हंजे सकाळपासनंचं सगळं पुन्हा?"

"सगळं."

"बारा वाजतील इथंच!"

"वाजू देत. घड्याळ माझं न्हाई." ती चालत पुढे गेली, गोटा उचलून आणला, ठिपक्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि पडली.

दहाला पांढरी मोटार आली. ती वरच्या अंगाला भूरीला शोधून आली असणार, कारण उलट्या बाजूनं आली. शेठ उतरले. गोरे, थकलेले, गळ्यात मफलर. मागून गोकुळ पंडा, कपाळभर गंध, पोट आधी आणि मग स्वतः. पंड्याच्याच शब्दावर भूरीला कामं मिळतात.

"अगं, साडेआठला तू पार तिकडे होतीस म्हणून पोरानं फोन केला मला!" पंडा ओरडला. "मागे कशी आलीस?"

भूरीनं पडलेलं लोटांगण पुरं केलं, गोटा ठेवला, उठली आणि सांगितलं. एकही शब्द न झाकता. बाबांची रेघ, धुकं, तीन खांब.

शेठ म्हणाले, "बाई, चूक झाली, देव क्षमा करतो. बसा गाडीत. गाडी तुम्हाला जिथं होतात तिथं सोडेल. मी काही बोलणार नाही."

"तुमी न्हाई बोलनार, पन पानी मला सोडायचंय. 'पुरी झाली' असं माझ्या तोंडानं म्हनायचंय."

"मंडपात चारशे माणसं आहेत. आमदार निघालेत मथुरेहून."

"त्यांना पुऱ्या वाढा. गरम असताना चांगल्या लागतात."

पंड्यानं कपाळाला हात लावला. मग आवाजात तूप घालून म्हणाला, "भूरी, किती वर्षं या मातीत आहेस तू! दिवसाला हजार वेळा पडतेस. मग एवढं कळू नये? लीन व्हावं. गवतासारखं असावं माणसानं. पाय पडला की वाकावं."

"वाकते की, महाराज. पन पाय उचलला की गवत बी उभंच ऱ्हातं."

आम्ही टपरीवरचे हसलो. आमच्या ब्रजात उलट उत्तराला कुणी दचकत नाही. इथं पाऊस लांबला की बाया गिरिराजाला तोंडावर 'काळतोंड्या, झोपलास काय' म्हणतात, आणि संध्याकाळी त्यालाच दूध घालतात. पण शेठ हाथरसचे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला मी नेमलंय," ते म्हणाले. "फेरी माझ्या नावाची आहे."

"हाय ना. म्हून तर. शेठजी, तुमची छाती फाडली तवा डाक्टर म्हनला असता, बाहेर आमदार आलाय, तीन टाके ऱ्हाऊ देत, तर चाललं असतं का तुमास्नी?"

शेठचा हात आपोआप मफलरखाली गेला. मला वाटलं, मानतील. पण चारशे माणसं, मंडप, आमदार. माणूस कुठेतरी आधीच निघालेला असतो आणि त्याला परत फिरता येत नाही. ते हळू आवाजात म्हणाले, आणि तेच लागलं:

"बाई, हा अहंकार आहे तुमचा. मी एकटीच खरी, हा अहंकार. लोटांगणं घालून घालून तोच वाढवलात तुम्ही."

भूरीनं ओठांवरची रेती जिभेनं काढली, थुंकली. गिरिराजाकडे पाहिलं. तो आमच्या बाजूनं काही फार उंच नाही. झुडपांचा लांबट ढीग, वर माकडं.

"असंल," ती म्हणाली. "तुमी शिकलेली मानसं, म्हनता तर असंल. मग तो अहंकार मी ह्याच्याम्होरं आडवा घालीन. आज सातशे येळा. तेवढ्यानं न्हाई मेला तर उद्या बगू. पन त्याला तुमच्या मोटारीत बसवून न्हाई न्यायची."

"हे बघ," पंड्याचं तूप आटलं, "फाल्गुनात दोन फेऱ्या आहेत, तुझ्यासाठी ठेवल्या होत्या. शेठच्या पाया पड, चूक झाली म्हण, गाडीत बस. नाहीतर उद्यापासून माझ्या दारात येऊ नकोस. दुसऱ्या कुठल्या पंड्याच्याही."

म्हणजे पोट. खचेराचा हात कडब्याच्या यंत्रात गेल्यापासून त्या घरात कमावणारी ती एकटी. हे पंड्याला ठाऊक होतं, आम्हालाही.

भूरी म्हणाली, "चूक झाली, ती ह्याच्याम्होरं झाली." हनुवटीनं डोंगराकडे दाखवलं. "त्याच्या पाया पडतेच हाय सकाळपासनं. शेठनं माझं अंग नेमलंय, महाराज. माथा कुनी नेमला न्हाई. सरका, वाट द्या."

आणि ती पडली. शेठच्या चामडी बुटांपासून वीतभर अंतरावर तिचा हात आला. एका क्षणाला वाटलं असावं त्यांना की पायाच पडली. पण तिनं गोटा ठेवला आणि बुटाला नुसतं बोटानं टकटक केलं. सरका. शेठ सरकले.

बाराला लाउडस्पीकर वाजला, तो माझ्या टपरीपर्यंत आला. मागून कळलं की पंड्यानं जतीपुऱ्याची एक बाई आणून शेवटचे दोनशे हात तिच्याकडून घालून घेतले. शेठनी गालिच्यावर अकरा घातली. फोटो निघाले. आमदार आले नाहीत, त्यांचे मेहुणे आले.

दीडच्या पुढे गिऱ्हाईक पांगलं, तेव्हा मी शेगडी विझवली आणि तिच्या मागे गेलो. तिच्या गुडघ्याची एक चिंधी सुटून गेली होती, रेतीवर मधूनमधून लाल ठिपके होते. मी पाणी दिलं, तर प्याली. म्हणाली, "तू कशाला आलास? दूध नासंल." मी म्हणालो, नासू दे.

चार वाजून गेल्यावर ती दानघाटीला पोचली. मंडपाचे बांबू उतरवत होते. पत्रावळींवर कुत्री आणि माकडं भांडत होती. गालिचा गुंडाळून भिंतीला उभा केला होता. पंडा ओट्यावर बसून दात कोरत होता. तिला पाहून त्यानं कोरायचं थांबवलं.

"शेठ गेले," तो म्हणाला. "त्यांची झाली फेरी."

"त्यांची आत्ता झाली." भूरीनं गिरिराजाच्या शिळेसमोर शेवटचं लोटांगण घातलं. उठायला वेळ लागला. हात पुढे केला. "पानी घाला."

"कुणासाठी? तो माणूस तुझं नाव घेत नाही."

"मी घेतलंय न्हवं त्याचं? नऊ दिस घेतलंय. आता त्याचं फळ माझ्याकडं ठिवून मी काय करू, लोनचं घालू?"

पंडा बसून राहिला. मग का कुणास ठाऊक, पितळी तांब्या उचलून त्यानं तिच्या ओंजळीत पाणी घातलं. तिनं गळा साफ केला आणि देवळातल्या चिटपाखरालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्रिलोकीनाथ वार्ष्णेयांचं नाव, गोत्र, गाव सांगितलं. "पुरी झाली," म्हणाली. "एक बी कमी न्हाई." पाणी शिळेवर सोडलं.

"फाल्गुनाचं काही बोलू नकोस मग," पंडा म्हणाला. "मी शब्द मागे घेत नाही."

"घेऊ नगा. राधे राधे."

आन्यौरला टमटमनं आलो आम्ही. अंधार पडायचा होता. दारात खचेरा उभा, एका हातानं म्हशीचं दावं धरून. तिचे गुडघे पाहिले त्यानं.

"गोकुळ महाराजाचा मानूस येऊन गेला," तो म्हणाला. "लई काय काय सांगत व्हता. खरं हाय?"

"खरं असंल."

"मग आता?"

"आता काय? म्हस उपाशी हाय का न्हाई?"

"हाय."

भूरीनं पदर कमरेला खोचला, बाजरीची पेंढी ओढून यंत्राच्या तोंडाशी ठेवली आणि चाकाची मूठ धरली.

"चारा तू सरकव," नवऱ्याला म्हणाली. "अन् हात लांब ठिव."

चाक करकरलं. कडबा कापला जाऊ लागला.