बरणीच्या तळाशी उरलेलं

वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. जखमा पुसायच्या जंतुनाशकाची बरणी भरणं तिचं काम. सिस्टर कमी, म्हणून जखमाही बऱ्याचदा तीच पुसायची. बरणी ती कधी रिकामी होऊ द्यायची नाही. तळाशी थोडं उरलं की वरून नवं ओतायची. औषध फेकून देणं तिच्या जिवावर यायचं. मोठ्या सिस्टर चारचौघांत सांगायच्या, काटकसर मावशीकडून शिका. बरणी धुवायला वेगळी जागा द्या म्हणून मावशीनं तोंड उघडलं, तेव्हा मात्र त्यांना ऐकू आलं नव्हतं.

मग वॉर्डातले टाके चिघळायला लागले. हिरवट पू, आणि भारी इंजेक्शनांनाही तो दाद देईना. मावशीची धाकटी जाऊ आतड्याचं ऑपरेशन होऊन त्याच वॉर्डात होती. तिचाही ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, पू आत उतरला तर आमच्या हातात काही नाही. मावशी तिची जखम जास्तच पुसायला लागली. घरचं माणूस ना.

लॅबवाल्या बाईनं नळ तपासले, हात तपासले, शेवटी बरणी. जंतू बरणीतच निघाले. औषधात जंतू जगतो, ही काय थट्टा, असं मावशीनं विचारलं. बाई म्हणाली, शिळ्या, पातळ औषधात लेचेपेचे मरतात, चिवट तेवढे उरतात. त्यांची पिलावळ काचेला धरून बसते. वरून नवं ओतलं तर त्यातूनही तगणारे आणखी निगरगट्ट.

मावशीला रडू आलं नाही. हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे लोंबत होते. हा शहाणपणा कुणाचा, असं मोठ्या सिस्टरनी विचारलं. कौतुक करणारं तोंडही तेच होतं. मावशी फक्त “माझा” म्हणाली.

तिनं बरणी ओतली, घासली, वाफेच्या यंत्रात घातली. नव्या औषधाचा ट्रे घेऊन जावेपाशी गेली.

“तुझी जखम माझ्या हातानं चिघळली,” ती म्हणाली. “त्या बरणीनं.”

जाऊ छताकडे बघत म्हणाली,

“इतरांची एकदा पुसायचीस, ताई. माझी दोनदा.”

“हो.”

“मला वाटायचं, केवढं माझं नशीब.”

मावशीनं नवा बोळा भिजवला. जावेनं जखमेवरचं पांघरूण काही सरकवलं नाही.

“दुसऱ्या कुणाला तरी पाठव.”

मावशीनं ट्रे ठेवला आणि सिस्टरला बोलावून आणलं. सिस्टर जखमेवर वाकली. पू कमी होता का, ते दारात थांबलेल्या मावशीला दिसत नव्हतं.