नोकरी न सोडलेल्या नकाशेबाई

ऑफिसच्या जिन्यावरून पडल्या तेव्हा नकाशेबाईंच्या हातात पाइपलाइनीच्या नकाशांची गुंडाळी होती. ती सोडवेना, म्हणून कठडा धरता आला नाही आणि पाय मोडला. जिना नुकताच पुसलेला, पण तिथे साधी पाटीसुद्धा नव्हती. साहेब दवाखान्यात येऊन तोंड भरून बोलले, "अजिबात काळजी करू नका. घरून काम करा. ऑफिसच तुमच्या घरी पाठवतो!"

ते घरी यायचं होतं व्हीपीएनमधून. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम बसवायचा, पासवर्ड टाकायचा, की घरबसल्या ऑफिसचं नेटवर्क उघडणार आणि बाहेरच्या कुणाला त्यात डोकावता येणार नाही. बाईंनी प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवला. घरात होती फक्त नणंद. ती खिडकीशी शिलाई मशीन चालवायची. मशीन थांबवून तिने वायरी जोडून दिल्या. प्रोग्रॅम बसला. बाईंनी पासवर्ड टाकला आणि लाल अक्षरं उमटली : प्रवेश नाकारला.

हेल्पडेस्कवरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "घरचं नेट बघा." बघितलं. "राउटर बंद करून चालू करा." केला. "प्रोग्रॅम काढून परत टाका." तेही झालं. लाल अक्षरं जागची हलेनात.

"पासवर्ड सावकाश टाका मॅडम. वयोमानानं बोटं चुकतात."

नणंदेनं हातातली कात्री आपटली. "बोटं चुकायला ती काय पियानो वाजवतेय?"

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. बाई सकाळी केस विंचरून, कामावर निघाल्यासारख्या लॅपटॉपपुढे बसायच्या आणि दुपारपर्यंत रडकुंडीला यायच्या. त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. त्यात साहेबांचा मेसेज आला, 'काम खोळंबलंय. झेपत नसेल तर तसं कळवा.' तो वाचून त्यांचे कान तापले.

मग एकदा हेल्पडेस्कवर वेगळीच मुलगी बोलली. "थांबा हं, तुमचं खातं बघते." तिने पलीकडे काहीतरी टाइप केलं. "मॅडम, तुमचं नेट ठीक आहे, पासवर्डही ठीक आहे. खातंच बंद केलंय. तुम्ही नोकरी सोडली असं तुमच्या साहेबांनी कळवलंय. तुम्ही पडलात त्याच आठवड्यात."

बाईंनी फोन ठेवला. "टॅक्सी बोलाव," त्या नणंदेला म्हणाल्या.

कुबड्या टेकत, एकेका पायरीला दात खात त्या तोच जिना चढल्या. मागे नणंद, पडल्या तर धरायला. साहेबांच्या केबिनचं दार त्यांनी कुबडीनंच ढकललं.

"अहो, तुम्ही कशाला आलात? बसा, बसा..."

"मी नोकरी कधी सोडली?"

साहेब पेन शोधू लागले. "तांत्रिक बाब आहे हो. जागा अडून राहते, वरून विचारणा होते. मला वाटलं, तुम्हाला आता झेपणार नाही..."

"तुम्हाला वाटलं! पडले तुमच्या ओल्या जिन्यावर. खातं बंद केलंत तुम्ही. आणि मी घरी बसून स्वतःच्या बोटांना शिव्या देत होते! वर मलाच विचारता, झेपतंय का?"

आवाज इतका चढला की बाहेरच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघू लागली. साहेबांच्याही वरच्या मोठ्या मॅडम आपल्या खोलीतून उठून आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचा फोन साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी तिथल्या तिथे हेल्पडेस्कला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्यात व्हीपीएन जोडला गेला. नकाशे उघडले. पाठोपाठ साहेबांचा मेसेज : 'नजरचुकीने झालं होतं. दुरुस्त केलं आहे.'

बाईंनी लिहिलं, 'नजरचूक नव्हती.' आणि ते उत्तर मोठ्या मॅडमनाही पाठवलं, खाली जिन्याची तक्रार जोडून.

"गेला का राग?" नणंदेनं विचारलं.

"छे! आत्ता कुठे चढतोय," म्हणत बाईंनी अर्धवट राहिलेली पाइपलाइन पुढे आखायला घेतली.