मागे बसून निवडलेली सीट

साकीनाक्याला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या चंद्रप्रकाशला संघमित्रा पहिल्यांदा दिसली, तेव्हा ती आपल्याच मोटारसायकलवर मागे बसून नवी सीट दाबून बघत होती. आईला उपचारांना न्यायचं होतं, आईची कंबर दुखू नये म्हणून संघमित्राने रुंद, जाड सीट पसंत केली. पुढे बसून बघितलंच नाही.

आठवड्याभरात ती परत आली. “काका, सिग्नलला पाय टेकेनात. गाडी कलंडली, आई पडता पडता वाचली. आता ती बसायलाच तयार नाही.”

“पुढचा फोम कापून अरुंद करतो. मागचा राहू दे.”

“तरी नाही टेकले तर?”

“तर मला शिव्या घाल.”

तिला हसू आलं नाही. फोम कापल्यावर टाचा टेकल्या, तरी ती उतरून पुन्हा बसून बघत राहिली.

आई पुन्हा मागे बसायला तयार झाली; आता दर मंगळवारी संघमित्रा तिला घाटकोपरच्या दवाखान्यात नेते. सिग्नल आला की आई तिचा खांदा घट्ट धरते.